परकी खुर्ची

माझी सून रिकाम्या जागेचा अभ्यास करते. असं मी कुणाला सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकतात आणि तो भाव विचारतो. मग सांगावं लागतं की बाबा, विकायची जागा वेगळी, ही ग्रह-तारे फिरतात ती. एवढं ऐकलं की भाव विचारणारा घड्याळ बघायला लागतो.

सकाळी ती शाळेत फिजिक्स शिकवते आणि दुपारी विद्यापीठात स्वतः शिकायला जाते. विषयाचं नाव ‘भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान’. एम.ए.चं शेवटचं वर्ष. मी तिला सुरुवातीलाच विचारलं होतं, “हे दोन विषय आहेत की एक?”

“एकच, आई. वस्तू कशा हलतात ते फिजिक्स सांगतं. हलणं म्हणजे नेमकं काय, ते तत्त्वज्ञान विचारतं.”

“आणि उत्तर मिळेपर्यंत वस्तू थांबतात का?”

“नाही थांबत.”

“मग त्यांना तुमची फारशी गरज दिसत नाही.”

माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, “आमच्याकडे बरं आहे. हलत नसलं तरच बोलावतात.”

असं आमचं घर. सून चिडत नाही, हीच एक अडचण. चिडली असती तर आम्ही कधीच गप्प बसलो असतो.

तिचा प्रबंध एकाच प्रश्नावर होता. जागा ही स्वतः एक वस्तू आहे का? म्हणजे डब्यात तांदूळ असतात तसं जगातलं सगळं एका मोठ्या जागेत भरून ठेवलंय, आणि सगळं ओतून काढलं तरी डबा उरेल, असं आहे का? की जागा म्हणजे फक्त ही वस्तू त्या वस्तूपासून किती लांब एवढंच, आणि वस्तू गेल्या की तेही गेलं? सुनेचं मत दुसरं. तिचं म्हणणं, साऱ्या जगातलं सगळंच्या सगळं उचलून हातभर उजवीकडे सरकवलं, काहीही मागे ठेवलं नाही, तर काय बदलेल? काहीच नाही. कुणालाच, कशानेच कळणार नाही. मग सरकलं असं म्हणायचं तरी कशाला?

मी म्हणाले, “कळो न कळो, सरकलं ते सरकलंच की.”

तेव्हा ती नुसती हसली होती. मी तिच्या उपयोगाला येईन हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

तिच्या विभागात तोंडी परीक्षेची एक जुनी पद्धत आहे. कुणी पाडली ते आता तिथल्या कुणाला ठाऊक नाही, पण मोडत कुणी नाही. टेबलासमोर दोन खुर्च्या ठेवतात. विद्यार्थ्याने आधी डावीकडच्या खुर्चीत बसायचं आणि आपल्या प्रबंधाच्या विरुद्ध बोलायचं. तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाचं हेच खरं मत आहे. तिला ‘परकी खुर्ची’ म्हणतात. परीक्षकांचं समाधान झालं तरच उठून उजवीकडच्या, ‘आपल्या’ खुर्चीत बसायचं आणि मग स्वतःची बाजू मांडायची. परक्या खुर्चीतच जो अडकला त्याचा प्रबंध कितीही चांगला असला तरी कुणी उघडत नाही.

माझी सून अडकली. पहिल्या खेपेला ती परक्या खुर्चीत बसली आणि जागेच्या बाजूने बोलता बोलता दर दोन वाक्यांनी गालात हसली. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही एका मूर्ख माणसाची नक्कल करताय. असा माणूस जगात कुठे नाही. त्याला हरवून काय मिळणार?”

तिचे गाईड तिथेच बसले होते. त्यांना सगळे ‘पण सर’ म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होतं. फोन उचलल्यावरसुद्धा ते आधी ‘पण’ म्हणतात, असं सून सांगते. त्यांनी मध्यस्थी केली. “पण पुन्हा एकदा संधी देऊ.” दिली. पण एकच. त्या खेपेला पास झाली तर पुढे डॉक्टरेटला जी एकुलती एक जागा होती ती तिला मिळणार होती. नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाणार, आणि आमची सून जन्मभर नववीच्या वर्गाला कप्पी आणि तरफ शिकवत बसणार. ते काम वाईट नाही. पण ती घरी आली तेव्हा तिने चपला काढल्या आणि त्या तशाच हातात धरून दारात उभी राहिली. कुठे ठेवायच्या ते जणू विसरली होती. त्या दिवशी मी चेष्टा केली नाही. मुलानेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी शेंगा सोलत होते.

“आई, सगळं हातभर सरकवलं तर काही बदलेल का?”

“सांगितलं ना एकदा. सरकलं ते सरकलंच.”

“तुम्हाला खरंच असं वाटतं? की मला चिडवायला म्हणता?”

“अगं, यात वाटायचं काय? दिसतंय की.”

तिने माझ्या हातातल्या शेंगा काढून घेतल्या. “मग मला शिकवा.”

“काय?”

“हे असं न हसता बोलायला.”

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी ती शाळा-विद्यापीठ करून यायची, चहा घ्यायची आणि म्हणायची, “चला, तुम्ही जागेच्या बाजूने.”

“मी आहेच जागेच्या बाजूने. तूच बाजू बदलत फिरतेस.”

मी भिंतीकडच्या कपाटाकडे बोट दाखवायची. “ते कपाट सरकव. मागे काय राहील?”

“धूळ.”

“आणि?”

“फरशी. पण फरशी ही वस्तू आहे, आई. ती काढली तर?”

“तर खालच्यांच्या डोक्यावर धूळ पडेल.”

“खालचं घरही काढलं.”

“त्यांना विचारलंस?”

“आई!”

“बरं, काढलं.”

“पृथ्वी काढली. सूर्य काढला, तारे काढले. आता सांगा, कपाटाची जागा कुठे आहे?”

“तिथेच.”

“तिथे म्हणजे कशापासून किती लांब?”

“कशापासून कशाला? तिथे म्हणजे तिथे!” मी मांडीवर हात आपटला. “सामान काढलं म्हणून खोली कुठे जाते का? तू जग रिकामं केलंस तर जागा काय रडत बसेल? ती आपली आहे तिथे आहे.”

सुनेने डोळे मिटले आणि पुटपुटल्यासारखं केलं. “परत म्हणा. ‘तिथे म्हणजे तिथे’ला तुम्ही हात आपटलात. तो का आपटलात?”

“तू कोड्यात बोलतेस म्हणून.”

“म्हणजे तुम्हाला प्रश्नच चुकीचा वाटतो.” ती एकदम ताठ बसली. “बरोबर! मी पहिल्या खेपेला प्रश्न बरोबर आणि उत्तर बावळट असं दाखवलं. तुमच्या बाजूच्या माणसाला प्रश्नच बावळट वाटतो.”

“हे तू स्तुती म्हणून म्हणतेस ना?”

मी तिचा प्रबंधही मोठ्याने वाचायची. मला अक्षरं उशिरा आली, त्यामुळे मी बोट ठेवून, एकेक शब्द फोडून वाचते. सुनेला त्याचा भलताच फायदा दिसला. माझं बोट जिथे अडे तिथे ती खूण करी आणि ते वाक्य नव्याने लिही. ‘निरपेक्ष अवकाशाच्या अस्तित्वविषयक’ या शब्दांवर माझं बोट इतका वेळ थांबलं की मुलगा म्हणाला, “लिफ्ट अडकली वाटतं.” सुनेने ते ओळीसकट खोडलं.

मग एके दिवशी तिने मला बादली शिकवली. “तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा मीच तुम्हाला देते,” म्हणाली. गच्चीवरच्या आकड्याला दोरी बांधली, खाली अर्धी भरलेली बादली लटकवली, दोरीला भरपूर पीळ दिला आणि सोडली. बादली गरगरली. हळूहळू आतलं पाणीही फिरायला लागलं, मधे खोल गेलं आणि कडेने वर चढलं.

“आता बघा. पाणी आणि बादली बरोबरीने फिरताहेत. एकमेकांच्या मानाने ती दोघं स्थिरच आहेत. मग पाण्याला कसं कळलं की आपण फिरतोय? कशाच्या मानाने? तुमच्या बाजूचा माणूस म्हणतो, जागेच्या मानाने. जागा तिथे आहे, म्हणूनच पाणी चढतं.”

“म्हणजे मी जिंकले?”

“या बादलीवर माणसं कधीची भांडताहेत.”

“मग तूच ये की माझ्या बाजूला.”

“आणि माझा प्रबंध?”

तेवढ्यात पाणी कडेवरून सांडलं आणि मुलाच्या वाळत ठेवलेल्या बुटात गेलं. तो म्हणाला, “माझ्या बुटांच्या मानाने ते नक्की हललंय.”

अशी शिकवणी रंगात आलेली असताना आम्हाला घर बदलावं लागलं. मालकांना त्यांच्या लेकीसाठी आमचं घर हवं होतं. त्यांनी त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावरचं घर आम्हाला दिलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. वरचं घर खालच्यासारखंच, अगदी साच्यातून काढलेलं. तेच दार, तशाच खोल्या, खिडकी तिथेच. मुलगा म्हणाला, “लिफ्ट आहे, काळजी कशाला?” आणि सामान हलवायच्याच दिवशी लिफ्ट बंद पडली. तिचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे असल्यामुळे त्याला हात लावायची परवानगी नव्हती. कपाट पाठीवर घेऊन जिना चढताना तो जे काही बोलला त्यात तत्त्वज्ञान अजिबात नव्हतं.

सामान मी माझ्या हाताने लावलं. खाट खिडकीशी, उशाला स्टूल, स्टुलावर चष्मा आणि पाण्याचा तांब्या, पायाशी ट्रंक. खाली होतं तसंच.

सकाळी जाग आली. पडदा ओढलेला होता. मी हात लांब केला, चष्मा मिळाला. पाय खाली टाकला, चपला मिळाल्या. उठून स्वयंपाकघरात गेले, चहाचा डबा मिळाला. चहा घेतला. मग पडदा सारला. समोरच्या झाडाचा शेंडा माझ्या पायाखाली होता. घर बदललंय हे तोवर मी विसरूनच गेले होते.

चहाचा कप हातात धरून मी तिथेच उभी राहिले. पडदा सारला नसता तर? चष्म्याला कळलं नव्हतं, चपलांना नाही, चहाच्या डब्याला नाही. मलाही नाही. मग सकाळपासून मी होते कुठे? आणि हे सगळं कुणाचं बोलणं माझ्या डोक्यात फिरतंय ते लक्षात आल्यावर मला स्वतःचाच राग आला.

मी म्हटलं, थांब. असं हार मानायचं नाही. आपली जागा खाली आहे, जिथली तिथे. जाऊन बघून येऊ.

लिफ्ट सुरू झाली होती. दुसऱ्या मजल्यावर आमच्या जुन्या घराचं दार सताड उघडं. आत एक रंगारी शिडीवर उभा होता. भिंती पांढऱ्याशुभ्र. कॅलेंडरचा खिळा उपटलेला, भोक बुजवलेलं. फरशीवर सगळीकडे कागद अंथरलेले. मी खोलीत मधोमध उभी राहिले आणि माझ्या खाटेची जागा शोधू लागले. खिडकीपासून पावलं टाकून बघितली. पण खाट खिडकीला चिकटून होती की मधून हात जाईल एवढी फट होती? खिळ्याखाली उशी असायची, पण खिळा कुठे? कागद उचलून खाटेच्या पायाची खूण बघावी म्हटलं तर रंगारी ओरडला.

“मावशी, कागद नका हलवू! काही हरवलंय का?”

“जागा.”

“जागा?”

“माझ्या खाटेची. इथेच कुठेतरी होती.”

त्याने ब्रश डब्यात ठेवला. “खाट नेली ना वर?”

“नेली.”

“मग जागा इथे कशाला शोधताय? खाटेबरोबर गेली असेल.”

तो आपला मला वाटेला लावायला बोलला. पण मी वर आले ती तेच घोकत आले. खिडकी, खिळा, पायाची खूण. मी जिला ‘तिथे’ म्हणत होते ती जागा शोधायला मला दर वेळी दुसरी कुठलीतरी वस्तू लागत होती. एकेक वस्तू काढत गेले तशी माझी ‘तिथे’ही थोडी थोडी निघून गेली. सून इतके दिवस घसा फोडून हेच सांगत होती. तिचं बरोबर होतं.

आता पंचाईत झाली. परीक्षा जवळ आली होती. तिला भांडायला खरीखुरी जागेवाली हवी होती आणि घरातली एकुलती एक जागेवाली फितूर झाली होती. हे तिला कळलं असतं तर तिला आनंद झाला असता आणि शिकवणी तिथेच बसली असती. म्हणून मी कानाला खडा लावला. परीक्षा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, “चला, तुम्ही जागेच्या बाजूने.”

“तिथे म्हणजे तिथे!” मी ती बसायच्या आतच मांडीवर हात आपटला.

ती दचकली. “अजून मी काही विचारलं नाही.”

“विचारशीलच.”

मनातून पटलेलं नसताना भांडायला दुप्पट जोर लागतो, हे मला तेव्हा कळलं. पूर्वी मी शेंगा सोलता सोलता भांडायची. आता शेंगा बाजूला ठेवून भांडायला लागले. बादली तर मी इतक्यांदा पुढे केली की सुनेने एकदा विचारलं, “आई, तुम्हाला स्वप्नातही बादली दिसते का?” मुलगा मात्र माझ्याच पोटचा. एक दिवस ती आंघोळीला गेल्यावर तो माझ्या कानाशी आला.

“तू तिच्या बाजूला गेलीस ना?”

“कुणी सांगितलं?”

“हल्ली तू तिला बोलू देतेस. पूर्वी नाही द्यायचीस.”

“तोंडातून ब्र काढलास तर बघ.”

“मी कशाला बोलू? पण मी आता कुणाच्या बाजूला?”

“तू बुटांच्या बाजूला राहा.”

परीक्षेला घरचं कुणी आलं तरी चालतं, फक्त मागे बसायचं आणि बोलायचं नाही. मुलगा कामावर होता, म्हणून मी गेले. खोली लहान होती, टेबल तेवढं लांबलचक. एका बाजूला पण सर, बाहेरच्या परीक्षकबाई आणि विभागाच्या प्रमुख. दुसऱ्या बाजूला त्या दोन खुर्च्या. परकीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कागदाची घडी सरकवलेली होती. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.

सून परक्या खुर्चीत बसली. परीक्षकबाईंनी विचारलं, “सगळं जग हातभर सरकवलं तर काय बदलेल?”

सुनेने एक क्षण त्यांच्याकडे असं बघितलं की मी कुठे बघावं ते मला कळेना. ते माझं बघणं होतं. शेंगांवरून वर बघते तसं.

“सरकलं ते सरकलंच की,” ती म्हणाली. “तुम्हाला कळलं नाही, हा तुमचा प्रश्न. जागेचा नाही.”

बाईंनी लिहायला घेतलेलं पेन तसंच धरून ठेवलं. पुढे त्यांनी सूर्य काढला, तारे काढले, आणि त्या खोलीतलं एक कपाट तेवढं ठेवलं. सुनेने टेबलावर हात आपटला. पण सरांचा पाण्याचा पेला हलला. मग तिने बादली आणली, आणि ती अशी फिरवली की मला वाटलं, आता माझ्यावर पाणी उडतंय. कुठे हसली नाही. नक्कलही वाटली नाही. शब्द बरेचसे माझे होते, पण त्यांना तिने असा कणा दिला होता की ऐकताना माझं जुनं मत मला किती छान होतं असं वाटायला लागलं.

परीक्षकबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, “या माणसाशी मला भांडायला आवडेल. बसा तुमच्या खुर्चीत.”

सून उठली आणि आपल्या खुर्चीत बसली. दोन खुर्च्यांमधे वीतभराचं अंतर. आणि तिथे तिचं तोंडच बंद झालं.

“बोला,” प्रमुख म्हणाल्या.

ती बोलेना. मला तिची मान तेवढी मागून दिसत होती. पण सरांनी “पण…” म्हटलं आणि तेही थांबले. मला कळलं काय झालं ते. तिने ती बाजू इतकी मनापासून मांडली होती की तिथून तिला परत येता येत नव्हतं. बादलीतलं पाणी अजून कडेवर चढलेलं होतं आणि ते खाली कसं आणायचं ते तिला दिसत नव्हतं. मी शिकवली ती! बरी शिकवली! डॉक्टरेटची ती एक जागा माझ्या डोळ्यांसमोरून चालली होती आणि मला बोलायची बंदी होती.

शेवटी तिने कसंबसं तोंड उघडलं. आवाज एवढासा. “समजा… एका खोलीतलं सगळं सामान, जसंच्या तसं, दुसऱ्या तशाच खोलीत नेऊन ठेवलं. पडदे ओढलेले आहेत. आतल्या माणसाला…”

बोलता बोलता ती वळली. सवयीने. रोज या वाक्याला मी नाक मुरडते ना, ते बघायला. आणि मी, माझी अक्कल चरायला गेली होती, मान डोलवत होते. पडदा, चष्मा, चपला, चहाचा डबा, सगळं डोळ्यांपुढे उभं होतं आणि मी ‘अगदी बरोबर’ म्हणून मान डोलवत होते.

ती बघतच राहिली. मी मान थांबवली. उशीर झाला होता.

“आई?” ती म्हणाली.

मी छताकडे बघितलं.

परीक्षकबाई म्हणाल्या, “या कोण?”

“आत्ता त्या खुर्चीतून ज्या बोलल्या त्या,” सून म्हणाली आणि तिला हसू फुटलं. या खेपेला कुणाला त्याचा राग आला नाही. “मी ज्यांच्याकडून शिकले, त्या. आणि त्या आत्ता माझ्या बाजूने मान डोलवताहेत.”

प्रमुखांनी मला बजावलं, “प्रेक्षकांनी बोलायचं नाही.”

“पण मान हलवणं म्हणजे बोलणं का,” पण सर म्हणाले, “हा वेगळा प्रबंध होईल.”

सून पुढे वळली तेव्हा तिची पाठ ताठ झाली होती. ती तासभर बोलली. सरकवण्याबद्दलचं तिचं म्हणणं तिने एकेक पायरी करून पक्कं केलं. मधे परीक्षकबाईंनी बादली परत मागितली. तेव्हा ती म्हणाली, “बादलीचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. प्रबंधात मी आहे असं लिहिलंय. ते प्रकरण मी मागे घेते. सरकण्याचं मी सिद्ध करू शकते. फिरण्याचं अजून नाही.” मला वाटलं, झालं, स्वतःच्या हाताने घालवलंस. बाईंनी मात्र चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

आम्हाला बाहेर बसवलं. थोड्या वेळाने पण सर आले. “पण ते बादलीचं प्रकरण नव्याने लिहायचं,” म्हणाले. “बाकी पास. डॉक्टरेटला बादलीच घे.” मग माझ्याकडे वळून, एकही ‘पण’ न लावता म्हणाले, “तुम्ही पुढच्या वेळी समोर बसा.”

घरी येताना ती गप्प होती. आनंद पचवत असेल म्हणून मी छेडलं नाही. इमारतीच्या लिफ्टमधे शिरल्यावर मी बटण दाबलं आणि ती फुटली.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मान!”

“वर आलो त्याच्या दुसऱ्या सकाळपासून. रंगाऱ्याने तेवढा शेवटचा हात मारला.” मी तिला सगळं सांगितलं, पडद्यापासून कागदापर्यंत.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्याशी खोटं भांडत होतात?”

“खोटं कशाला? भांडण खरंच होतं. मत तेवढं नव्हतं.”

“आणि तो सांगत होता, आई हल्ली जरा सौम्य झालीय, तब्येत बघ म्हणून!”

“त्याला बघते मी.”

लिफ्ट थांबली. आम्ही बाहेर पडलो, दाराशी आलो. सुनेने किल्ली घातली. ती मला सांगत होती, “आता ऐका. बादलीचा विचार करता करता मला वाटायला लागलंय, तुमचं जुनं मत वाटतं तेवढं चुकीचं नाही. तीन वर्षं बादलीवर काढायची, तर मी थोडे दिवस खरंच जागेच्या बाजूला जाऊन बघणार आहे.”

“खबरदार! मी इकडे आले आणि तू तिकडे चाललीस?”

“मग भांडायला कुणीतरी हवं ना. आता तुम्ही माझ्या जुन्या बाजूने.” तिने किल्ली दुसऱ्या बाजूला फिरवून बघितली. “कुलूप अडकलंय.”

“दे इकडे. जोर लावावा लागतो जरा.” मी किल्ली घेतली, दार खांद्याने दाबलं. “आणि ऐक, पहिली गोष्ट, सगळं सामान जसंच्या तसं दुसरीकडे नेलं तर काय बदललं? काहीच नाही. हे तू आधी कबूल कर, मग मी बादलीकडे…”

दार आतून उघडलं. मालकांची लेक उभी होती, हातात लाटणं. आत भिंती पांढऱ्याशुभ्र. मी सवयीने दोनचं बटण दाबलं होतं.

“तुम्ही वरच्या ना?” ती म्हणाली. “तुमचं घर वर गेलं. हे आता माझं आहे.”

मी सुनेकडे बघितलं. “बोल. आता हिला काय उत्तर द्यायचं?”

सुनेने माझ्या हातातून किल्ली काढून घेतली.

“सॉरी म्हणायचं, आई,” ती म्हणाली, “आणि जिन्याने वर जायचं.”